रविवारच्या सुट्टीमागचा ठाणेकर

आज रविवार. लोकलला मेगाब्लॉक असला तरी कामावर पोहोचायची घाई नाही. ही सुट्टी गिरणी कामगारांनी झगडून मिळवली आणि त्यांचे पुढारी होते १८४८ साली ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. उकाडा, कापसाची उडती तूस आणि रखडलेला पगार हे रोजचेच. इंग्लंडमध्ये बायका-मुलांचे कामाचे तास १८४७ च्या कायद्यानेच दहावर आणले होते. इथल्या गिरण्यांना मात्र असे बंधन नव्हते आणि त्यांचे स्वस्त सूत लँकेशायरच्या मालकांना खुपत होते. तिथूनही दबाव आला आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांच्या तासांना त्यात हातच लावला नव्हता.

महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी असलेल्या लोखंडेंनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती आणि १८८० पासून ते ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात पाच मागण्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, कायमचा अधू झाला तर उदरनिर्वाहाची सोय.

मालक लगेच बधले नाहीत. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही तिथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.

पाचव्या मागणीला कायद्याचे रूप यायला १९२३ साल उजाडले. कंत्राटदाराचा माणूस जखमी झाला तरी मूळ मालकाला भरपाई टाळता येत नाही, हे त्याच कायद्याने ठरवले. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांत कामगारांचे जीव गेले. भरपाई मिळाली तरी गेलेला माणूस परत येत नाही. म्हणून कारखान्यांची तपासणी अपघाताआधी झाली पाहिजे आणि ती मागणी आता इथल्या रहिवाशांनीही लावून धरायला हवी.