आजारी माणसाला घरी जाऊन व्यायाम शिकवायचाय? आधी हद्द आणि हिशोब बघा

मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत प्रत्येक सोसायटीत एक गिऱ्हाईक आहे, ज्याच्याकडे जिमवाले बघतच नाहीत. वय साठच्या पुढे, शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात "व्यायाम करा". पण कुठला आणि किती, हे शेजारी उभं राहून शिकवणारं कोणी नसतं.

कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली वर्सोव्याला द योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती योगाने तब्येत सुधारावी म्हणूनच. आज ती सांताक्रूझ पूर्वेला आहे.

आता हद्द. फिजिओथेरपिस्ट आणि ट्रेनर हे दोन वेगळे धंदे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टला राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. तुमच्याकडे ती नसेल तर कार्डावर "थेरपी" छापू नका, आणि "शुगर बरी करून देतो" तर अजिबात नको. तुम्ही डॉक्टरांनी परवानगी दिलेला व्यायाम नीट करून घेणार, एवढंच. ती परवानगी लेखी घ्या, गोळ्यांच्या यादीसकट.

ही यादी का? समजा, काका इन्शुलिन घेतात. व्यायामात शुगर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. म्हणून आधी ग्लुकोमीटर. आकडा ९०-१०० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय सुरुवात नाही, आणि तुमच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी कायम हवी. काकू मेटोप्रोलॉल घेत असतील तर दमल्या तरी नाडी फारशी वाढत नाही, म्हणजे हातातलं स्मार्टवॉच फसवणार. तिथे साधी परीक्षा: व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का? नाही आलं तर वेग कमी. बीपीवाल्याला वजन उचलताना श्वास रोखू द्यायचा नाही. छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि १०८ लावा. "जरा बसा, बरं वाटेल" हे सांगायचं काम आपलं नाही.

पैशाचं बोलू. उदाहरणादाखल एका सेशनचे ६०० रुपये धरा. ४५ मिनिटं शिकवलं आणि जाण्यायेण्यात दीड तास गेला, तर सव्वादोन तासांचे ६००, म्हणजे तासाला जेमतेम २६७. तेच एका सोसायटीत लागोपाठ तीन घरं मिळाली आणि मधे १५ मिनिटं गेली, तर तासाला पूर्ण ६००. फी तीच! म्हणून मुलुंडच्या माणसाने बोरिवलीचा क्लायंट हौसेने घेऊ नये. मेट्रो वनमुळे घाटकोपर-अंधेरी सोपं झालंय, तरी सकाळी सहा ते दहा हाच खरा गल्ला, तो प्रवासात घालवू नका.

आठवड्याला ३ सेशन म्हणजे महिन्याला १२, एका घराचे ७,२०० रुपये. सहा घरं झाली की ४३,२००, आणि रोज फक्त तीनच सेशन. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

पॅकेजचे पैसे आगाऊ घ्या. दुकानात उधारी कशी वसूल होते ते मी रोज बघतोय! पण तब्येतीमुळे सेशन चुकलं तर पैसे कापू नका, तारीख पुढे ढकला. नाहीतर पेशंट पैसे बुडतील म्हणून तापातही उभा राहतो. आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला जाते, तेव्हाचा खर्च मार्चपासूनच बाजूला काढायला लागा.