एका ढिगात दोन घंटा

अलिबाग, रेवदंडा किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर होडी लागली, की टोपल्यांतले मासे ओतून ढीग घातले जातात. समजा, त्यांतले २०० बांगडे तुम्ही पट्टीने मोजलेत आणि सरासरी लांबी १८ सें.मी. आली. आता ढिगात १८ सें.मी.चा बांगडा शोधा. तो विरळाच सापडतो! असे का व्हावे?

समजा, ढिगात दोन वयांचे मासे सारख्याच संख्येने आहेत. धाकट्यांची सरासरी १४ सें.मी., थोरल्यांची २२ सें.मी. एकाच वयाच्या माशांच्या लांबीचा आलेख साधारणपणे घंटेच्या आकाराचा येतो. त्याला ‘प्रसामान्य वितरण’ म्हणतात. इथे अशा दोन घंटा मिसळल्या आहेत आणि १८ हा आकडा त्यांमधल्या दरीत पडतो.

हा प्रश्न जुना आहे. वेल्डन यांनी इटलीतील नेपल्सच्या १००० खेकड्यांची मापे घेतली, तेव्हा एक आलेख बाजूला कललेला आला. १८९४ साली कार्ल पिअरसन यांनी तो दोन घंटांत फोडून दाखवला. त्यासाठी त्यांना नवव्या घाताचे समीकरण सोडवावे लागले!

आज ‘आर’ ही विनामूल्य संगणक-प्रणाली हे काम क्षणात करते. प्रथम दोन्ही सरासऱ्या अंदाजाने धरायच्या आणि प्रत्येक मासा दोन गटांत वाटायचा. प्रमाण विचलन २ सें.मी. धरले, तर १७ सें.मी.चा बांगडा ८८ टक्के धाकट्या गटाचा व १२ टक्के थोरल्या गटाचा ठरतो. या वाटणीवरून नव्या सरासऱ्या काढायच्या, मग पुन्हा वाटणी करायची. आकडे स्थिरावेपर्यंत हेच चालू ठेवायचे.

पण सावध! सारख्याच आकाराच्या दोन घंटांच्या सरासऱ्यांतील अंतर प्रमाण विचलनाच्या दुपटीहून कमी असेल, तर आलेखात एकच शिखर दिसते. उलट, संगणकाकडे पाच गट मागितले, तर तो पाचही पाडून देतो! म्हणून माशांचा विणीचा हंगाम कोणता, नर-मादींच्या आकारात फरक आहे का, हेही पाहावे लागते.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. नुसती सरासरी पाहिली, तर मासे पुरेसे मोठे वाटतील. पण निम्मी टोपली पिल्लांची असू शकेल. अंडी घालण्याआधीच ती संपली, तर पुढे जाळ्यात काय येणार?

आता शाळेतील पाचवी व दहावीच्या मुलामुलींच्या उंच्या एकत्र करून आयतालेख काढा. किती शिखरे दिसतात?