साडेतीन हजार रविवार

माणसाला सत्तर वर्षं मिळतात असं धरून चालू. दिवस मोजले तर साडेपंचवीस हजार होतात. आकडा मोठा वाटतो, म्हणून मन निवांत राहतं. रविवार मोजले तर मात्र साडेतीन हजारांहून थोडेच जास्त. त्यातले पहिले आईच्या मांडीवर झोपण्यात गेले, शेवटचे काही बिछान्यावर जातील.

नव्वदाव्या स्तोत्रात हाच सत्तर-ऐंशी वर्षांचा हिशेब आहे, आणि दिवस मोजायला शिकव अशी देवाजवळ विनवणी आहे. मोशेच्या नावावर असलेलं हे एकच स्तोत्र. आपण ते बहुतेक वेळा दफनविधीलाच ऐकतो. माझं विचाराल तर ते बाप्तिस्म्याला वाचावं. ज्याचे दिवस संपले त्याला मोजणी शिकवून काय उपयोग!

वेळेचा सदुपयोग म्हटलं की आपण लगेच घड्याळाकडे वळतो. पहाटे उठा, मोबाईल बाजूला ठेवा. ते ठीकच आहे. पण पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात याविषयी लिहिताना मूळ ग्रीकमध्ये 'कैरोस' हा शब्द आहे. तास-मिनिटांपेक्षा नेमकी वेळ, आलेली संधी, असा त्याचा अर्थ. आणि ही संधी पुष्कळदा कुणीतरी माणूस होऊन दारात उभी असते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंच बघा. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१९ साली ते गेले. जेमतेम चोवीस वर्षं. त्यांची गीतं आपण आजही गातो, पण 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून पुरं झालं नाही. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नाच्या वेळी लिहितावाचता येत नव्हतं. टिळकांनीच त्यांना शिकवायला घेतलं. बायकोला अक्षरं गिरवायला लावण्यात गेलेले ते तास कुणी 'कार्य' म्हणून मोजले नसतील. पण अपुरं महाकाव्य पुढे सरकलं ते त्याच तासांच्या जोरावर. १९३६ मध्ये लक्ष्मीबाईही गेल्या आणि शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिला.

आता आपल्या बेळगावकडे येतो. मंडळीत कुणी वारलं की आपण धावून जातो. फोन फिरतात, कॅम्पातून, शहापुरातून माणसं येतात, शेजारचे हिंदू-मुसलमान बांधवही चहाचं बघतात. ही आपली खरी कमाई आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण ज्या म्हाताऱ्या माणसाच्या पेटीमागे दोनशे जण चालतात, त्याच्या खोलीत आदल्या सहा महिन्यांत किती जण बसून आले? मुलं पुण्याला नाहीतर दुबईला. दुपार सरता सरत नाही. मृताबद्दल जे चांगलं आपण सांत्वनसभेत बोलतो, ते ऐकायला तोच नेमका तिथे नसतो. शेजाऱ्यांकडे तेराव्याला हेच होतं, असं ते स्वतःच सांगतात.

म्हणून आम्ही चौघं गुरुवारी चार वाजता निघतो. एका दुपारी दोनच घरं, जास्त नाही. मोठी प्रार्थना करायची असा नेम नाही. बसायचं, ऐकायचं, औषधाची चिठ्ठी असेल तर आणून द्यायची. येत्या गुरुवारी शहापुरातल्या एका मावशींकडे जायचंय. त्यांनी निरोप धाडलाय, चहा मीच करणार, तुम्ही फक्त मोठ्या अक्षरातलं गीतांचं पुस्तक घेऊन या.