अजगरपालन, महाकाय
सुमारे ५ मी. वा त्याहून अधिक लांबी गाठणाऱ्या अजगरांना बंदिस्त जागेत पाळणे व त्यांची पैदास करणे ह्यास महाकाय अजगरपालन म्हणता येईल. प्राणिसंग्रहालयांत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. खाजगी छंद म्हणून ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व पश्चिम युरोप येथे वाढले. नवशिक्यापुढील मुख्य अडचण प्राण्याच्या वाढीची असते. विकत मिळणारे पिलू जेमतेम अर्ध्या मीटरचे असते. परंतु जागा, अन्न, मनुष्यबळ व खर्च ह्यांचा हिशेब पूर्ण वाढलेल्या मादीवरून मांडावा लागतो. पैदास करावयाची असल्यास तो तिच्या एका विणीतील सर्व पिलांवरून मांडावा लागतो.

जाती : छंद म्हणून पाळल्या जाणाऱ्या महाकाय जातींत ब्रह्मी अजगर (पायथॉन बायव्हिटॅटस), जाळीदार अजगर (मलयोपायथॉन रेटिक्युलेटस) व आफ्रिकी शैल अजगर (पायथॉन सेबी) ह्या प्रमुख आहेत. ब्रह्मी अजगर ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळतो. जाळीदार अजगर आग्नेय आशियात सर्वत्र व निकोबार बेटांवर सापडतो आणि तो जगातील सर्वांत लांब साप होय. ॲनॅकोंडा हा बोआ कुलातील असून पिलांना जन्म देतो. अंडी घालणाऱ्या अजगरांच्या कुलात त्याचा समावेश होत नाही. महाराष्ट्रात आढळणारा भारतीय अजगर (पायथॉन मोल्युरस) व ब्रह्मी अजगर ह्या २००९ पर्यंत एकाच जातीच्या उपजाती मानल्या जात. त्यामुळे जुन्या वाङ्मयात ‘भारतीय अजगर’ म्हणून दिलेली माहिती पुष्कळदा ब्रह्मी अजगराची असते, हे वाचताना ध्यानात ठेवणे जरूर आहे.

बंदिवासात ह्या जाती केवढ्या होतात, ह्याची कल्पना दोन नोंदींवरून येते. अमेरिकेतील कॅन्झस सिटी येथे २०११ मध्ये मोजलेली जाळीदार अजगराची मादी ७.६७ मी. लांब व सु. १५९ किग्रॅ. वजनाची होती. इलिनॉय राज्यात ठेवलेल्या एका ब्रह्मी मादीचे वजन सु. १८३ किग्रॅ. भरले होते. ही टोकाची उदाहरणे असली, तरी ४ ते ५ मी. लांबीची मादी ही सामान्य गोष्ट आहे. नर बहुधा बरेच लहान राहतात. इंडोनेशियातील जॅम्पिया, कालाओ इ. लहान बेटांवरील जाळीदार अजगर आकाराने लहान असतात. पण त्यांच्या संकरातून झालेल्या पिलांचा अंतिम आकार खात्रीने सांगता येत नाही.

निवारा व तापमान : प्रौढ ब्रह्मी मादीसाठी सु. २.४ मी. लांब, १.२ मी. रुंद व ०.९ मी. उंच पिंजरा ही किमान मर्यादा मानतात. जाळीदार अजगरास त्याहून पुष्कळ मोठी जागा लागते. व्यवहारात एक स्वतंत्र, कुलूपबंद खोलीच राखून ठेवावी लागते. अजगर असमतापी असल्याने तो आपले तापमान उष्ण व थंड जागांत ये-जा करून राखतो. म्हणून पिंजऱ्याचे एक टोक सु. ३१°–३३° से. व दुसरे सु. २५°–२७° से. ठेवतात. उष्णतेचे साधन तापनियंत्रकास जोडलेले व प्राण्याच्या आवाक्याबाहेर असावे. तापलेल्या पृष्ठभागावर अजगर बराच वेळ पडून राहतो आणि भाजतो. अंग बुडेल एवढे पाण्याचे भांडे, लपण्याची जागा व वीज खंडित झाल्यास पर्यायी व्यवस्था ह्या गोष्टी आवश्यक आहेत. दरवाजास कुलूप हवेच. शिवाय हवा येण्याजाण्याची छिद्रे व नळ ह्यांवर मजबूत जाळी हवी. पूर्ण वाढलेला अजगर सैल झाकण सहज उचलतो.

आहार : पिलांना प्रथम कात टाकल्यानंतर लहान उंदीर देतात. पुढे घुशीएवढे मोठे उंदीर व नंतर ससे असा क्रम असतो. वाढत्या पिलांना आठवड्यातून एकदा, तर प्रौढांना दोन ते चार आठवड्यांतून एकदा खाद्य पुरते. गोठवून ठेवलेले व नीट वितळवून कोमट केलेले मेलेले भक्ष्य अधिक सुरक्षित होय. जिवंत उंदीर अजगरास गंभीर जखमा करू शकतो. चांगल्या आहारावर ब्रह्मी अजगर दोन वर्षांत २ ते ३ मी. होतो. वाढ लवकर व्हावी म्हणून अतिरिक्त खाद्य देण्याची प्रथा अपायकारक आहे. तीमुळे प्राणी स्थूल होतो व त्याचे आयुष्य घटते. योग्य निगा राखल्यास हे प्राणी वीस वर्षांहून अधिक जगतात.

हाताळणी : माणसाला होणाऱ्या अपघातांचे मुख्य कारण अजगराचा क्रोध नसून त्याची भक्ष्य पकडण्याची प्रतिक्षिप्त क्रिया हे आहे. हातास उंदराचा वा सशाचा वास असल्यास किंवा पिंजरा केवळ खाऊ घालण्याच्या वेळीच उघडला जात असल्यास, आत येणारी प्रत्येक उष्ण वस्तू त्यास भक्ष्य वाटते. विळखा पडताच भक्ष्याचे रक्ताभिसरण अल्पावधीत थांबते. म्हणून अनुभवी पालक प्रथम लांब आकड्याने प्राण्यास हळूच स्पर्श करून ही वेळ खाण्याची नाही असे त्याच्या अंगवळणी पाडतात. सु. २.५ मी. हून लांब अजगर एकट्याने हाताळू नये. लांबी वाढेल तशी मदतनिसांची संख्या वाढवावी. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण सरपटणारे प्राणी साल्मोनेला जंतूंचे वाहक असतात.

प्रजनन : ब्रह्मी अजगराचा नर साधारणतः दोन ते तीन व मादी तीन ते चार वर्षांनी प्रजननक्षम होते. तथापि वयापेक्षा मादीची शरीरस्थिती अधिक महत्त्वाची असते. अंडी तयार होताना व उबवताना ती काही महिने खात नाही, त्यामुळे कृश मादीस ही वीण झेपत नाही. लिंगनिदान अवस्करातून बारीक सळई सरकवून करतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. उत्तर गोलार्धात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात रात्रीचे तापमान काही अंशांनी उतरवतात व नरास मादीच्या पिंजऱ्यात सोडतात. दोन नर एकत्र ठेवल्यास ते झुंजतात व जखमी होतात. अंडी घालण्यापूर्वी मादी एकदा कात टाकते; त्यानंतर ब्रह्मी अजगरात सु. तीन ते चार आठवड्यांनी अंडी बाहेर येतात. एका विणीत ब्रह्मी मादी बहुधा २० ते ४० व जाळीदार मादी २५ ते ८० अंडी घालते. फ्लॉरिडात पकडलेल्या सु. ९८ किग्रॅ. वजनाच्या एका रानटी ब्रह्मी मादीच्या पोटात १२२ विकसनशील अंडी आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नराचा संपर्क नसतानाही क्वचित अनिषेकजननाने पिले होतात. अमेरिकेतील लुईव्हिल प्राणिसंग्रहालयातील जाळीदार मादीच्या बाबतीत हे जनुकीय परीक्षणाने सिद्ध झाले आहे.

उबवण : मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. ब्रह्मी अजगराची मादी स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनाने उष्णता निर्माण करते व अंड्यांचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक ठेवते. पॅरिस येथील प्राणिसंग्रहालयात आशील व्हालाँसिएन ह्यांनी १८४१ मध्ये ह्याविषयी मोजमापे प्रसिद्ध केली होती. १९६६ मध्ये न्यूयॉर्क प्राणिसंग्रहालयातील मादीवरील प्रयोगांनी ही क्रिया स्पष्ट झाली. पालक बहुधा अंडी काढून उबवण यंत्रात ओलसर व्हर्मिक्युलाइटवर ठेवतात. अंडी ज्या बाजूवर पडली असतील त्याच बाजूवर ठेवावी लागतात. कोंबडीच्या अंड्यांप्रमाणे ती फिरवल्यास गर्भ दगावण्याचा धोका असतो. तापमान ३१°–३२° से. व आर्द्रता भरपूर ठेवावी. तापमान बराच काळ उतरल्यास पिलांच्या मणक्यांत विकृती येतात. ब्रह्मी अजगराची पिले सु. दोन महिन्यांनी, तर जाळीदार अजगराची सु. ८० ते ९० दिवसांनी बाहेर येतात.

पिलांची व्यवस्था : नवशिक्याच्या योजनेत हा भाग बहुधा सुटलेला असतो. पिले एकत्र ठेवल्यास एकाच भक्ष्यावर दोघांची झडप पडते व एक दुसऱ्यास गिळू लागते. म्हणून प्रत्येकास वेगळा डबा, पाणी, उष्णता व नोंदवही लागते. तीस पिलांना आठवड्यास एकेक उंदीर धरला, तरी वर्षाला १,५६० उंदीर होतात. पहिल्या वर्षी ग्राहक न मिळालेली दहा पिले दोन वर्षांत २ ते ३ मी. लांबीचे दहा अजगर होतात. त्या आकाराचा प्राणी स्वीकारणारे घर विरळा मिळते आणि प्राणिसंग्रहालयांना असे प्राणी सहसा नको असतात. विवर्ण (अल्बिनो) व अन्य रंगप्रकारांच्या पैदाशीने १९८० नंतर ह्या व्यवसायास चालना मिळाली. असे बरेच रंग अप्रभावी जनुकांवर अवलंबून असतात. त्यामुळे हवा तो रंग मिळेपर्यंत नेहमीच्या रंगाची अनेक पिले निर्माण होतात व त्यांना मागणी अल्प असते. म्हणून सर्व पिलांच्या आयुष्यभराच्या सोयीचे उत्तर हाती नसल्यास नरमादी एकत्र न आणणे किंवा अंडी उबवण्यास न ठेवणे, हाच जबाबदारीचा मार्ग होय.

रोग : गारठा व कोंदट हवा ह्यांनी श्वसनमार्गाचे रोग होतात, अजगरांतील अशा रोगास कारणीभूत असणारा निडोव्हायरस २०१४ मध्ये ओळखण्यात आला. अंतर्वेशी पिंड रोग हा अरेनाव्हायरसामुळे होतो, असे २०१२ मध्ये दिसून आले; अजगरांत तो चेतासंस्थेस बाधतो व बहुधा घातक ठरतो. सापांवरील माइट रक्त शोषतात व रोगप्रसाराची शंका त्यांच्यावर आहे. नवा प्राणी काही महिने वेगळ्या खोलीत ठेवणे हा सर्वोत्तम प्रतिबंधक उपाय आहे.

अपघात व पलायन : निवाऱ्यातील त्रुटींची किंमत इतरांना मोजावी लागते. फ्लॉरिडा राज्यात २००९ मध्ये काचपेटीतून रात्री सुटलेल्या, ३ मी. हूनही कमी लांबीच्या ब्रह्मी अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात २०१३ मध्ये आफ्रिकी शैल अजगर हवेच्या नळातून निसटला व झोपलेले दोन लहान भाऊ मृत्युमुखी पडले. सुटलेल्या व मुद्दाम सोडून दिलेल्या ब्रह्मी अजगरांची दक्षिण फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्स दलदलीत कायमची वस्ती झाली असून ती २००० च्या सुमारास मान्य करण्यात आली. १९९२ मधील अँड्र्यू चक्रीवादळात एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झाल्याने तीत भर पडली, असे मानतात. २०१२ मधील एका अभ्यासानुसार तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९.३, ओपॉसमाचे ९८.९ व बॉबकॅटचे ८७.५ टक्क्यांनी घटले होते. नकोसा झालेला अजगर रानात सोडणे ही दया नव्हे, हे ह्या उदाहरणावरून दिसते.

कायदे : अमेरिकेने २०१२ मध्ये ब्रह्मी व आफ्रिकी शैल अजगर आणि २०१५ मध्ये जाळीदार अजगर ह्यांना अपायकारक वन्यजीव ठरवून त्यांची आयात बंद केली. सलग भूभागातील राज्याराज्यांमधील वाहतुकीवरील बंदी २०१७ मधील न्यायालयीन निर्णयाने उठली. तथापि राज्यांचे स्वतंत्र कायदे लागू असतात. फ्लॉरिडात २०२१ मध्ये ह्या जातींचा निषिद्ध यादीत समावेश झाला. तेथे पाळलेला विदेशी प्राणी दंडाविना शासनाकडे सोपवण्याची योजनाही आहे.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भारतीय अजगराचा समावेश असून त्यास पकडणे, बाळगणे वा विकणे हा किमान तीन वर्षांच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारात सर्वच अजगर येतात. २०२२ च्या दुरुस्तीनुसार (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) करारातील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांस नोंदणी आवश्यक झाली. शेतात वा घराजवळ अजगर आढळल्यास तो ठेवून न घेता वनविभागास कळवावे. [→ अजगर, साप].