ओहोटी पाहून निघा

नोव्हेंबर उजाडला की कोकणच्या सहलींचे बेत सुरू होतात आणि ते बहुतेक एकाच साच्यातले असतात. पहाटे गाडी काढायची, वाटेत मिसळ, दुपारी हॉटेलात माशांचे ताट, संध्याकाळी गाडी समुद्राच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेऊन सूर्यास्त, रात्री पुन्हा मासे. तीन दिवसांत पाचशे किलोमीटर होतात, पण त्यातले स्वतःच्या पायांनी चाललेले पाचही नसतात. सोमवारी माणूस कामावर येतो तो कंबर धरून.

त्याच सुट्टीत गाडी एका गावात ठेवून एकाच तालुक्याचा किनारा चालत पाहता येतो. उदाहरणार्थ दापोली तालुका. केळशीपासून दक्षिणेकडे निघाले की आडे, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर अशी गावे ओळीने लागतात. मधे वाळूची पुळण, मग खडकाळ डोंगराचे नाक, ते ओलांडले की पुन्हा पुळण. मुक्कामाला घरगुती सोय सगळीकडे मिळते. जड पिशव्या रिक्षाने पुढच्या गावी पाठवायच्या, पाठीवर पाणी, टोपी आणि थोडा खाऊ. दिवसाला आठ-दहा किलोमीटर, तेही सकाळी आणि संध्याकाळी विभागून, एवढे सर्वसाधारण तब्येतीच्या पन्नाशीतल्या माणसाला थोड्या सरावाने झेपते.

‘मला कुठे एवढे जमणार!’ ही पहिली शंका. तिचे एक कारण म्हणजे दहा हजार पावलांचा बागुलबुवा. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. तो आकडा जगभर चिकटला. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी 72 वर्षे वयाच्या सुमारे 17 हजार स्त्रियांच्या पावलांची नोंद घेतली आणि पुढची काही वर्षे त्यांचा मागोवा ठेवला. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे 2700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4400 पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी दिसले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. म्हणजे सर्वांत मोठा लाभ खुर्चीतून उठणाऱ्याला आहे, आधीच चालणाऱ्याला नव्हे.

चार दिवस चालून वर्षाची बेगमी होत नाही, हेही सांगायला हवे. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी मदत न घेता ओढून घेतात, आणि हा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. पण सलग चार दिवस चालल्यावर ‘आपल्याला जमते’ हे एकदा कळले, की घरी आल्यावर आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अवघड वाटत नाही. माझ्या मते या सुट्टीची खरी कमाई तीच.

आता वाळू. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते, मागे सरकते, आणि प्रत्येक पावलाला थोडी ताकद वाळू हलवण्यात वाया जाते. बेल्जियमच्या संशोधकांनी 1998 मध्ये हे मोजले. त्याच वेगाने कडक जमिनीवर चालण्यापेक्षा वाळूत चालायला दोन ते पावणेतीन पट ऊर्जा लागते. वजन कमी करायला निघालेल्यांना हे ऐकून आनंद होईल, पण पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुसऱ्याच दिवशी तक्रार करतात. म्हणून अंतर कापायचे ते ओल्या, घट्ट वाळूवरून. शिवाय भरतीच्या रेषेजवळची पुळण उतरती असते; तिच्यावरून तासभर एकाच दिशेने चालले तर एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर दुखते. सपाट, घट्ट वाळू मिळते ती ओहोटीला.

त्यामुळे या सुट्टीचे वेळापत्रक ठरवतो तो चंद्र. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. पाऊणपटीचे गमक हेच. हिशेब ढोबळ आहे. ठिकाणागणिक अर्धा-पाऊण तास फरक पडतो, तेव्हा छापील तक्ता किंवा बंदरावरचा कोळी यांना विचारावेच.

आता हाच हिशेब सुट्टीला लावून पाहा. अष्टमीला गेलात तर भरती सकाळी सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. गार वेळेत घट्ट वाळू पाण्याखाली, आणि ती उघडी पडते तेव्हा डोक्यावर ऊन. त्यात अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार मागे जातही नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला उलट. ओहोटी पहाटे पाच-सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने समुद्र खूप आत सरकतो आणि पुळण दुपटीने रुंद वाटते. पुढचे तीन-चार दिवस ओहोटी सात, आठ अशी सकाळीच राहते. तेव्हा सुट्टीचा अर्ज देण्याआधी कालनिर्णय पाहावे, आणि पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे निघावे.

उधाणाचे दिवस जितके सोयीचे तितकेच दगा देणारे. भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे चढते. दोन पुळणींमधले खडकाळ नाक खालून ओलांडताना माणसे अडकतात ती याच वेळी, कारण पुढे पाणी, मागे पाणी आणि वर कडा. असे नाक पाणी उतरत असतानाच पार करावे. एकदा पाणी वळले की खडकाचा नाद सोडून डोंगरावरची पायवाट धरावी, तासभर जास्त लागला तरी. आणि खाडीचे मुख कितीही उथळ दिसले तरी स्थानिक माणसाने सांगितल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. पूल असेल तिथे पूल, तर असेल तिथे तर.

चढ-उताराचेही एक शास्त्र आहे. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला चढून जाताना धाप लागते, पण मांड्या दुखतात त्या उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे एक-दोन दिवसांनी वर येते. ही इजा नव्हे, सवयीचा अभाव. आठवडाभरात भरून येते आणि पुढच्या वेळी कमी होते. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी जांभ्याच्या पाखाडीवरून उतरताना काठी घ्यावी आणि पावले आखूड टाकावीत.

दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. त्यामुळे थर्मामीटर तीस दाखवत असले तरी किनाऱ्यावर शरीराला ते पस्तिशीसारखे जड जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने ठीक. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ते इथे उपयोगी पडतात. पहाटे वारा जमिनीकडून येतो, आणि दुपारकडे समुद्रावरचा गार वारा सुटतो. त्याने घाम वाळतो खरा, पण ऊन लागते आहे हे कळत नाही. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे 15 टक्के आणि लाटांचा फेस 25 टक्के परत फेकतो, म्हणून टोपीच्या सावलीतही चेहरा भाजतो. पाण्याबरोबर मीठही जाते. त्यावर मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत हा उत्तम उपाय. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मीठ जपूनच घ्यावे.

समुद्राच्या हवेत आयोडीन असते, ती फुप्फुसे धुऊन काढते वगैरे जे सांगितले जाते, त्यासाठी एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. मनाचे म्हणाल तर पुरावा जरा बरा आहे. इंग्लंडमध्ये सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्यातून दोन तास किंवा जास्त निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. अर्थात तब्येत चांगली असलेली माणसेच बाहेर पडतात, असेही असू शकते. पाहणीतून ते पुरते सुटत नाही.

असाच मोह मुरूडला होतो. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तरुणपणी एका परीक्षेसाठी ते भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. पुढे हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजातही ते पायीच ये-जा करत. जगले 104 वर्षे. एका माणसावरून विज्ञान सिद्ध होत नाही, पण मुरूडच्या पुळणीवर चालताना हे आठवल्यावाचून राहत नाही.

निघण्याआधी तीन आठवडे रोज अर्धा तास आणि रविवारी दीड तास चालावे, तेही जे बूट नेणार त्याच बुटांत. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून जावे. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर वाळूत अनवाणी चालण्याची हौस करू नये. तापलेली वाळू आणि कालवांच्या धारदार कडा लागल्याचे समजतही नाही, आणि जखम महिनोन् महिने राहते. अशांनी बूट घालावेत, मुक्कामी पोचल्यावर दोन्ही तळवे उजेडात नीट पाहावेत आणि मगच लिलाव बघायला हर्णैच्या बंदराकडे वळावे.