दिवसातली वीस मिनिटे तुमची

घरातल्या प्रत्येकाच्या वेळा सांभाळणाऱ्या गृहिणीच्या वेळापत्रकात तिचे स्वतःचे नावच नसते. मन:शांतीचा शोध तिथूनच सुरू करायला हवा.

दुधाची पिशवी दारात पडते आणि दिवस सुरू होतो. मुलांचे डबे, सासूबाईंची बिनतिखटाची आमटी, नळ जाण्याआधी भरून ठेवायचे पिंप, आज येईल की नाही याचा भरवसा नसलेली कामवाली बाई. नोकरी असेल तर धावतपळत गाठायची बस, नसेल तर दुपारभर दळण, कपड्यांच्या घड्या, बिले आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास. रात्री ओटा पुसून दिवा मालवताना कुणी विचारले, 'आज स्वतःसाठी काय केलेस?' तर उत्तर सुचत नाही. अशा वेळी 'मन शांत ठेवा' हा सल्ला ऐकला की हसावे की रडावे तेच कळत नाही.

खरे तर मन अशांत असते कारण त्याला क्षणभरही बसायला जागा मिळत नाही. म्हणून शांतीचा प्रश्न आधी वेळेचा प्रश्न आहे, आणि वेळेचा प्रश्न एकट्या स्त्रीचा नसून सगळ्या घराचा आहे.

आकडे काय सांगतात?

देशातील लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात, याची पाहणी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, असे तीत आढळले. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची सरासरी होती ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली! मुलांचे व आजारी माणसांचे करणे यात धरलेले नाही, त्याचा हिशेब वेगळाच.

आजीला वेळ कसा मिळत असे?

'आमच्या वेळी कुठे होते हे मन:शांतीचे खूळ?' असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. शब्द नव्हता, पण सोय होती. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओव्या गात असे. त्यात माहेर असे, भाऊ असे, विठ्ठल असे आणि सासरचा जाचही असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. चारचौघांत बोलता येत नव्हते, ते बाई जात्यापाशी बोलून मोकळी होत होती.

जात्याचे कष्ट गेले ते चांगलेच झाले, ते परत आणायला कुणी सांगणार नाही. पण कष्टाबरोबर ती मोकळी होण्याची जागाही गेली. मंगळागौर, भोंडला, हळदीकुंकू यांचेही तसेच. देवाधर्माचे नाव असल्यामुळे 'कुठे निघालीस?' असे विचारायची कुणाची छाती होत नसे. वेळ ठरलेली होती आणि घराने ती मानलेली होती. यातून आपण घ्यायचे ते एवढेच: 'जमेल तेव्हा' मिळणारा वेळ कधीच मिळत नाही, तो ठरवूनच ठेवावा लागतो.

आधी रक्त तपासा

चिडचिड, थकवा, कशात मन न लागणे यांचे कारण दर वेळी मनातच असते असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर तो रक्तक्षय समजतात. थायरॉईडच्या विकारातही मरगळ येते. तेव्हा ध्यानाला बसण्याआधी एकदा रक्ताची तपासणी करून घ्यावी.

सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची सवयही सोडायला हवी. जेवणात पालेभाजी, उसळ असू द्या आणि वर लिंबू पिळा. त्यामुळे लोह अंगी लागते. जेवणाला जोडून घेतलेला चहा मात्र त्याच्या आड येतो.

डोंगरावर जायलाच हवे का?

इगतपुरीला सत्यनारायण गोयंका यांनी सुरू केलेले विपश्यना केंद्र आहे. तेथे दहा दिवस मौन पाळून साधना शिकवतात. शुल्क घेत नाहीत, आधी शिबिर केलेल्या साधकांच्या देणग्यांवर खर्च चालतो. ज्यांना जमेल त्यांनी अवश्य जावे, मात्र मानसिक आजारासाठी उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. परंतु परीक्षेला बसलेले मूल आणि अंथरुणाला खिळलेले सासरे सोडून दहा दिवस निघणे किती जणींना शक्य आहे?

घरच्या घरी करण्यासारखे सोपे साधन म्हणजे संथ श्वास. पाठ टेकून आरामात बसा. मनात चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. श्वास रोखून धरू नका. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते व शरीराचा ताण सैल होतो. पाच मिनिटे पुरतात. उरलेल्या पंधरा मिनिटांत गच्चीवर फेऱ्या मारा, शवासन करा, पुस्तक वाचा, पेटी वाजवा किंवा नुसत्या खिडकीत बसा. मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत राहू द्या.

वेळ काढायचा कसा?

● वेळ घड्याळाप्रमाणे ठरवा आणि घरात सर्वांना सांगा. मुलांची शिकवणी जशी चुकवत नाही, तशी हीही चुकवू नका.

● त्या वीस मिनिटांत दूध उतू जाणे, दाराची बेल आणि फोन या गोष्टी कुणी बघायच्या, ते आधीच ठरवून द्या.

● पतीने चहा केला तर ती 'मदत' नव्हे, घर त्याचेही आहे. पाण्याच्या बाटल्या भरणे, आपले ताट उचलणे ही कामे मुलगा-मुलगी दोघांनाही सांगा.

● दुसऱ्याने केलेले काम पुन्हा करू नका. घडी वाकडी पडली तरी कपाट बंद होते.

● झोपेतून वेळ चोरू नका. प्रौढ व्यक्तीला रोज निदान सात तास झोप हवीच.

सुरुवातीला अपराधी वाटेल. 'घरात एवढी कामे पडली असताना मी बसून काय राहिले?' असे मन म्हणेल. घरातलेही टोमणे मारतील. पण चार दिवस तुम्ही डगमगला नाहीत, तर पाचव्या दिवशी मुलेच म्हणतील, 'आता आईची वेळ आहे.'

एवढ्याने भागत नसेल तर

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप व भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर ते श्वासावर किंवा देवावर सोडू नका. वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही. मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पाच तासांच्या घरकामापुढे वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, हे खरे. त्याने कामाची वाटणी न्याय्य होणार नाही. पण घरात एकदा बाईची वेळ मानली जाऊ लागली, की बाकीच्या वाटणीबद्दलही बोलता येते. आज रात्री ओटा पुसण्यापूर्वी घरातल्यांना एकत्र बसवा आणि उद्याची वीस मिनिटे कोणती, ते सांगून टाका.