मार्केसासची पेवे

बालाघाटाच्या रांगेत धारूरच्या किल्ल्यापासून अंबाजोगाईच्या हत्तीखान्यापर्यंत जो काळा कातळ पायाखाली लागतो, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. आणि तशाच लाव्हारसातून, परंतु त्या मानाने अगदी अलीकडे, प्रशांत महासागराच्या ऐन मध्यात वर आलेला मार्केसास नावाचा एक द्वीपसमूह आहे, ज्याच्या रहिवाशांनी अवर्षणाशी पिढ्यान्‌पिढ्या दिलेली झुंज बीड जिल्ह्यातील माणसाला मुळीच परकी वाटू नये. ताहितीच्या ईशान्येस सुमारे 1,400 किलोमीटरांवर, सर्व खंडांपासून अतिदूर असलेल्या या बेटांपैकी केवळ सहांवर वस्ती आहे.

युरोपीय दप्तरांत या मुलखाचा शोध 1595 सालचा. आल्व्हारो दे मेंदान्या याने पेरूच्या स्पॅनिश सुभेदाराच्या सन्मानार्थ बेटांचे नामकरण केले, आणि ताहुआता बेटावरील अल्पशा मुक्कामात त्याच्या शिपायांनी सुमारे 200 रहिवासी ठार मारल्याची नोंद त्याच्याच ताफ्यातील किरोस या नाविकाने करून ठेवली. खरा शोध त्यापूर्वी कित्येक शतके लागला होता: होकायंत्रावाचून, तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांचे उड्डाण यांच्या आधारे जोडनौका हाकीत पॉलिनेशियन कुटुंबे येथे पोहोचली, आणि येताना डुकरे, कोंबड्या व कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात त्याची रोपे घेऊन आली. शोधकाचा मान त्यांचाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बेटांवर पाऊस बेभरवशाचा. लागोपाठ वर्षे कोरडी गेली की झाडे फळेनाशी होत आणि माणसे भुकेने मरत. म्हणून सुगीत नीरफणस सोलून, त्याचा गाभा काढून, पानांचे अस्तर दिलेल्या खड्ड्यात तो दाबून भरीत आणि वर पाने, दगड व माती लोटीत. आत तो आंबून त्याचा जो आंबट लगदा होई, त्याला ‘मा’ म्हणत, आणि तो वर्षानुवर्षे टिके. मराठवाड्यातील वृद्धांना येथे पेव आठवल्यावाचून राहणार नाही: कोरड्या मुरमात खणलेले, आतून कडबा लावलेले, ज्वारीने भरून तोंड दगडमातीने बंद केलेले, आणि उघडल्यावर आतील कोंदट हवा निघून गेल्याखेरीज ज्यात कोणी उतरू नये असे.

1842 साली फ्रेंच अंमल आला. बाहेरून आलेल्या साथींनी आधीच पोखरलेली वस्ती 1920 च्या दशकात दोन हजारांच्या घरात उरली. गोंदणे, नृत्य व गान यांवर मिशनऱ्यांनी व सरकारने बंदी घातली. तरीही लोक उरले, भाषा उरली. जर्मन संशोधक कार्ल फोन डेन श्टाइनेन याने 1897-98 मध्ये गोंदणाच्या आकृत्या बारकाईने उतरवून घेतल्या होत्या, म्हणून पुढच्या पिढीला त्या पुन्हा अंगावर घेता आल्या. आणि 1987 पासून बेटाबेटांतून कलामहोत्सव भरू लागले. आज तेथे नऊ हजारांवर लोक राहतात. जुलै 2024 मध्ये या द्वीपसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तो ठराव आपल्या नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत संमत झाला.

श्टाइनेनने केले तेवढे काम आपल्याकडे व्हावयास हवे. ज्यांच्या वाड्यात वा गढीत जुने पेव अद्याप शाबूत असेल, त्यांनी ते बुजविण्यापूर्वी त्याची लांबी, रुंदी व खोली मोजून, ते भरणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून त्याची रीत विचारून, लिहून ठेवावी.